ताई, अण्णा आणि नव्या पेशी

सिन्नरला कंपनीत माझी दुसरी पाळी सुरू व्हायची होती, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. सुजाताताई प्रयोगशाळेतच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यात एकच... अण्णांना कसं सांगायचं?

अण्णा म्हणजे आमचे वडील. सगळी नोकरी इगतपुरीला रेल्वेत झाली. विसरण्याचा आजार बळावला तेव्हा त्यांना इंदिरानगरला माझ्याकडे आणलं. जुनं सगळं तोंडपाठ, नवं काही राहीना. फाटकाशी आले की विचारायचे, हे कोणाचं घर? ताई दर शनिवारी पुण्याहून यायची आणि त्यांना बागेपासून घरापर्यंत चालवत आणायची. तीच गल्ली, तेच वळण. मी वैतागायचो. म्हणायचो, बाई, तू तुझ्या उंदरांना शिकव, म्हाताऱ्याला सोड.

उंदीर हेच तर तिचं काम. मेंदूत आठवणी धरून ठेवणारा एक छोटासा भाग असतो, तिथे नव्या पेशी जन्मतात. त्या मोठ्या कशा होतात, एकमेकींशी बोलायला कशा लागतात, हे ती वर्षानुवर्षं बघत होती. मला कळावं म्हणून कंपनीतलंच उदाहरण द्यायची. नवी पेशी म्हणजे नवा कामगार, आधी नुसता ऐकतो, बोलतो नंतर. साहेबाच्या ज्या हाकेने जुने गप्प होतात, त्याच हाकेने तो दचकून उठतो. आणि कोणी सांभाळून घेतलं नाही तर निघून जातो... तशा कितीतरी पेशी मरतात म्हणे. म्हाताऱ्या माणसांत त्या जन्मतात का, यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, हेही ती लपवायची नाही. मग अण्णांना चालवायचा एवढा आटापिटा कशाला करतेस, मी विचारलं होतं.

"एखादी जगली तर?" एवढंच म्हणाली.

ती होती तोवर अण्णांना ते घर काही ओळखू आलं नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेला सगळे जमले तेव्हा अण्णांनी त्रिशरण-पंचशील खणखणीत म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सुजाला का नाही बोलावलं? रागवेल ना ती."

मी सांगितलं. ते हमसून हमसून रडले. संध्याकाळी पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच रडणं. दर वेळी त्यांची मुलगी नव्याने मरत होती. शेवटी बायको म्हणाली, पुरे आता, त्यांचे हाल बघवत नाहीत. विचारलं की ताई कामात आहे असं सांगायचं ठरलं. काही आठवडे तसंच चाललं.

परवाच्या शनिवारी अण्णा गॅलरीत बसले होते. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मीच सवयीने बोलून गेलो, ताईला आज काम आहे, यायची नाही. त्यांनी माझा हात धरला.

"उगाच खोटं नको बोलू, मिलिंद. सुजा गेली."

कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, मला माहितीये. रडले नाहीत. हात मात्र सोडला नाही.

ताईने इतकं चालवलं, ते काही राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की ती गेली. आणि अण्णांच्या डोक्यात काहीतरी नवं रुजलं, हे मला सगळ्यात आधी ताईलाच सांगायचं होतं.