ब्याण्णव किलो सरकीची उडी

दहा मीटर उंचीवर उभा राहून मी एका पोत्याला सदरा घालत होतो. खालून भाऊसाहेब ओरडले, "सर, टोपी बी घाला त्याले! मी टोपीशिवाय कुठी जात नाही!"

टोपी घातली.

पोत्यात सरकी होती, म्हणजे कापसाचं बी. वजन बरोबर ब्याण्णव किलो, कारण भाऊसाहेबांचं वजन ब्याण्णव. हा आकडा शोधायला काही कष्ट पडले नाहीत. मागच्या वाढदिवसाला भर मांडवात त्यांची संत्रातुला झाली होती आणि वजन माइकवरून जाहीर झालं होतं.

मी अकोल्यात एका संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. भाऊसाहेब त्या संस्थेचे अध्यक्ष. वय सदुसष्ट, कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा. संस्थेने नवा जलतरण तलाव बांधला होता. पाच मीटर खोल, आणि त्यावर दहा मीटरचा डायव्हिंग प्लॅटफॉर्म. उद्घाटन रविवारी होतं. फीत कापल्यावर अध्यक्ष स्वतः वरून सूर मारणार, असं चौकातल्या फ्लेक्सवर छापलं होतं. फ्लेक्सवर भाऊसाहेब दोन्ही हात पसरून आभाळात तरंगत होते आणि खाली कुठे पाणी दिसत नव्हतं.

हे सगळं माझ्यामुळे झालं. महिनाभरापूर्वी स्टाफरूममध्ये चहा पिताना मी नको तेवढा हुशार झालो होतो. म्हणालो, "एवढ्या उंचीवरून पडलं की पाणी काँक्रीटसारखं लागतं. तरण्याबांड माणसाचं कंबरडं मोडेल, भाऊसाहेबांसारख्यांनी तर विचारही करू नये." वास्तविक भाऊसाहेबांनी तोवर विचार केलेलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य त्यांच्या बंगल्यावर पोचलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सची ऑर्डर गेली. शेंदूरजनाघाटला त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. तिथल्या विहिरीत पोरपणी त्यांच्यासारखा सूर कोणी मारत नसे, असं ते स्वतःच सांगत.

संस्थेचे सचिव राऊत यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, तुमीच पेटवलं, आता तुमीच विझवा."

"मी त्यांना समजावून सांगतो."

"काय सांगसान?"

मी सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो, अवघड नाही. दहा मीटरवरून पडायला जेमतेम दीड सेकंद लागतो. पाण्याशी पोचताना स्पीड असतो ताशी पन्नास किलोमीटर. वजन कितीही असलं तरी तेवढाच. आता प्रश्न एकच, थांबायला जागा किती मिळते? पाय खाली ठेवून सरळ घुसलात, तर पाणी तुम्हाला तीन मीटरभर आत जाऊ देतं आणि हळूहळू थांबवतं. पडायची उंची भागिले थांबायची जागा, म्हणजे दहा भागिले तीन. शरीरावर वजनाच्या तीन-चार पट जोर पडतो, तेवढा सोसतो. पण आडवे पोटावर पडलात, तर पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ते तुम्हाला फूटभरात थांबवतं. तीस-तेहतीस पट जोर. भाऊसाहेबांच्या हिशेबाने एका क्षणात तीस क्विंटल अंगावर.

म्हणजे पाणी काही काँक्रीट होत नाही. काँक्रीट सरळ पडलेल्यालाही सोडत नाही. पाणी सवलत देतं, फक्त ती कशी घ्यायची ते ठाऊक पाहिजे. स्टाफरूममधलं माझं वाक्य चुकीचंच होतं. पण सूर मारताना सराव नसलेला माणूस हवेत थोडा जास्त फिरतो, नाहीतर कमी फिरतो, आणि आडवाच पडतो. भाऊसाहेबांचा सराव सुटून पन्नास वर्षं झाली होती.

राऊत म्हणाले, "हे त्याईले सांगू नका. आकडे ऐकले की त्याईले चेव येते. दाखवा."

म्हणून शुक्रवारचं हे प्रात्यक्षिक. वाळूचं पोतं फरशी फोडेल म्हणून सरकी घेतली. कापसाच्या एका जिनिंग मिलवरून आली, दोन पोती एकमेकांना शिवून धड केलं. अर्धी-अर्धी सरकी वर नेऊन वरच भरली.

प्लॅटफॉर्मचं रेलिंग अजून बसायचं होतं. पोतं वेळेआधी घसरू नये म्हणून मी त्याला दोरी बांधली. दुसरं टोक बांधायला काही दिसेना. ते मी स्वतःच्या कमरेला बांधलं. सेफ्टी म्हणून.

माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे. एकवीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, की दोरीच्या एका टोकाला जड आणि दुसऱ्या टोकाला हलकं असलं तर काय होतं. बोर्डाला हमखास येणारा प्रश्न आहे.

वेळ झाली तसं मी पोतं ढकललं. ते टोपीसकट आडवं गेलं. मी त्याच्या मागे. मला एकदाच वाटलं की आपण काहीतरी विसरलो. तेवढ्यात खालून मोठा फटाका फुटल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ माझा.

मी वाचलो तो पोत्यामुळे. ते माझ्याआधी पडून फुटलं, पाण्याचा नुसता फेस झाला. हवा मिसळलेलं पाणी मऊ असतं. डायव्हिंग शिकवतात तिथे मुद्दाम खालून बुडबुडे सोडतात, ते याचसाठी. त्यातही मी पूर्ण आडवा पडलो नाही, तिरपा पडलो. डावी मांडी आधी.

वर आलो तेव्हा सगळीकडे सरकी तरंगत होती आणि मधोमध ती टोपी. तलावाची साफसफाई बघणाऱ्या कलाबाईंनी पाला काढायच्या जाळीचा बांबू पुढे केला.

"धरा सर. श्वास घ्या आधी, बोला नंतर."

काठावर भाऊसाहेब पोत्याच्या चिंध्यांकडे बघत होते. आता यांना पटलं, असं मला वाटलं.

"शिलाई कच्ची होती," ते म्हणाले. "माही शिलाई पक्की हाय."

"भाऊसाहेब, पोतं फुटलं ना पण!" राऊत कळवळून म्हणाले.

"पोतं फुटलं. सर फुटले का? अठ्ठावन किलोचा मास्तर कमरेले दोरी बांधून, तयारी नसताना पडते आन् जित्ता निघते. मंग मी काहून नाही?"

मी वाचलो हाच त्यांचा पुरावा होता. त्या क्षणी मला मांडीपेक्षा त्यांच्या कमरेच्या पट्ट्याची भीती वाटली. रविवारी हा माणूस माझ्या भरवशावर उडी मारणार होता.

तेवढ्यात कलाबाई पंपाच्या खोलीतून आल्या.

"फिल्टरात सरकी गेली जी. मोटर जळंल. पाणी सोडा लागते पुरं."

"पुरं?" राऊत ओरडले.

"मी व्हॉल्व्ह खोलला बी."

पाच मीटर पाणी रात्रभर वाहून गेलं. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. टँकर मागवावेत, तर पाणीबचतीवर भाऊसाहेबांचंच भाषण त्याच आठवड्यात झालेलं. रविवारी सकाळी तलावात तळाशी उरलेलं पाणी होतं गुडघाभर.

उद्घाटन झालं. फीत कापून भाऊसाहेब धोतर वर खोचून शिडीने पाण्यात उतरले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लंगडत त्यांच्यापुढे उतरलो होतो, त्यांचा हात धरून. शेवटच्या पायरीला त्यांना वाकता येईना. फोटोसाठी हसता हसता त्यांनी हळूच विचारलं,

"सर, वरून लय खोल दिसते का?"

"हाव, भाऊसाहेब. लय."

त्यांनी मान वर करून प्लॅटफॉर्म बघितला. "मंग बरं झालं," म्हणाले, आणि वर येऊन माइकवर त्यांनी ठणकावून सांगितलं की पाणी असतं तर दाखवलं असतं.

कार्यक्रमानंतर मी चहा घेऊन कलाबाईंकडे गेलो. म्हटलं, "माझ्यामुळे तुमचं काम वाढलं. फिल्टर बदलावा लागेल का?"

"काहाले? घंटाभराचं काम होतं. जाळीनं सरकी काढली, झालं. फिल्टरात चार दाणेबी नव्हते."

"मग पाणी का सोडलं?"

"आमी बी पोरी असताना विहिरीत उड्या मारल्या सर. म्हातारं माणूस वरून निघते पायावर आन् पडते पोटावर. त्याले सांगून ऐकू येत नाही. पाणीच नसलं तं उडी कायची?"

माझी मांडी तीन आठवडे जांभळी होती. त्या काळात मी उभ्यानेच शिकवलं. पोरांना वाटलं, सरांचा उत्साह वाढला.

गुरुत्वाकर्षणाचा धडा अजूनही मीच घेतो. पण कुणाला खरंच वाचवायचं असेल तर खडू हातात घेत नाही. आधी विचारतो, व्हॉल्व्ह कुठे आहे.