पेंढ्याच्या भाऱ्यामागे

लेक हेल्मेट काढता काढता सांगत होती, "समोरून वारा असला ना आई, की पुढच्या सायकलला चिकटून राहायचं. दम कमी लागतो." आणि माझ्या नाकात एकदम सुक्या पेंढ्याचा वास शिरला.

कुंभिवलीच्या कारखान्यात मी तेव्हा नवीन होते. संध्याकाळी सायकलने कर्जतला परतताना वारा असा तोंडावर यायचा, की उतारालाही पॅडल मारावं लागे. त्या दिवशी पेंढ्याचे भारे लादलेला एक सायकलवाला माझ्या पुढे आला आणि तिथेच रेंगाळला. मी हळू झाले की तोही हळू. सारखा वळून बघे. "मागंच रा गं!" असं ओरडलाही. मी हँडलला अडकवलेला स्टीलचा डबा हाताशी ओढून ठेवला.

भिसेगावला तो थांबला. "जा बाय. आता घरं हायती, वारा नाय लागायचा." आणि भाऱ्यांसकट आल्या वाटेने परत गेला. पेंढा इथे द्यायचा नव्हता, तर आला कशाला?

घरी सांगितलं, एक माणूस पाठलाग करतो. दादा चार दिवस काठी घेऊन त्या रस्त्यावर उभा राहिला.

पाठलाग करणारा सबंध रस्ताभर माझ्या पुढे होता, हे आमच्यात कुणालाच खटकलं नाही.