वन मोअर म्हणणारे सर

"वन मोअर!" असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचे. म्हणजे जे झालं ते पुन्हा, पहिल्यापासून. सिनेमात हे शोभतं. पण हा माणूस चहाच्या टपरीवरही तेच करायचा. कप जरा आदळला की बोट फिरलंच. "वन मोअर! कप उचल, मागे जा, आणि नीट आणून ठेव." आणि टपरीवाला खरंच मागे जायचा हो! पुतणीच्या लग्नात नवरीने हार घाईघाईत घातला म्हणून यांनी भर मांडवात बोट फिरवलं. भटजींनी तेव्हा त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी घेतलेल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आलेली आहे.

नाव सांगत नाही. मराठी सिनेमात दुष्ट पाटील, लाचखाऊ फौजदार, हिरोचा शेवटचा ठोसा खाऊन शेणात पडणारा मामा, असली कामं त्यांनी केली. मूळचे नरडाण्याकडचे. मुंबईत काम मिळेनासं झालं तेव्हा जळगावला बहिणीकडे येऊन राहिले. आमच्याकडे तेवढं पुष्कळ झालं. ते रस्त्याने निघाले की रिक्षा थांबायच्या, बाया पदर सावरून कुजबुजायच्या. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही.

माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. केबल नुकतीच घरोघरी आली होती आणि आमच्या भागातल्या केबलवाल्याला स्वतःचा एक कार्यक्रम हवा होता. त्याच्या सुपीक डोक्यातून निघालं, की सरांनी बिघडलेल्या पोरांना सुधारायचं आणि ते रविवारी सकाळी सगळ्या गावाने पाहायचं. पोरं कुठली? तर चोऱ्यामाऱ्यांत सापडलेली, सुधारगृहातली. आज कुणी असं करू देणार नाही. तेव्हा परवानगी मिळाली, कारण तिथल्या साहेबांनाही सरांबरोबर फोटो हवा होता. कॅमेरा माझा, डोकेदुखीही माझीच.

सरांनी पोरांना काय शिकवलं म्हणाल, तर उभं राहायला. "मान वर. डोळ्यात डोळे. आणि रडू आलं तर हात तोंडावर नेऊ नको, चेहरा झाकतो." मी चिडायचो. म्हणायचो, "सर, पोरं सुधारायचीत की नट करायचेत?" ते म्हणायचे, "अरे, ताठ उभा राहिला की माणूस अर्धा सुधारतो." कपाळ माझं!

पण ऐका. त्यातल्या कैलासला एकदा ताप भरला आणि सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. सर रात्रंदिवस त्याच्या उशाशी. नर्सने त्यांना ओळखलं नाही. तिला वाटलं पोराचा आजा आहे. "ओ बाबा, पाय खाली घ्या, कॉटवर बसायचं नाही," म्हणून खेकसली. एरवी ओळख दिल्याशिवाय पान न खाणारा हा माणूस मुकाट्याने खाली उतरला आणि फरशीवर बसला. मी डबा घेऊन गेलो तर मलाच दटावलं. "हळू. आत्ता डोळा लागलाय त्याचा."

हा कैलास पहूरच्या पुढच्या एका खेड्यातला. सोळा-सतरा वर्षांचा. शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार काढून विकली आणि पकडला गेला. बाप कपाशीवाला, चार लोकांत मान असलेला. त्यांना गावात सगळे नाना म्हणत, कैलास आबा म्हणायचा. पोराला नेलं त्या दिवसापासून नाना एकदाही भेटायला आले नव्हते. साहेबांनी आम्हाला सरळ सांगितलं होतं, "बापाने येऊन सही केली तर पोरगा घरी जाईल. नाहीतर दिवाळीनंतर त्याची धुळ्याच्या मोठ्या संस्थेत रवानगी. तिथली पोरं वेगळी आहेत." वेगळी म्हणजे काय, ते कैलासला चांगलं कळत होतं. तो रोज मला एकच विचारायचा, "भाऊ, आबा येतीन का?"

सरांनी मनावर घेतलं. स्वतः खेड्यात गेले, सिनेमातला माणूस दारात आलेला पाहून नानांना नाही म्हणवेना, आणि एका संध्याकाळी ते सुधारगृहाच्या आवारात येऊन लिंबाखालच्या बाकावर बसले. मी कॅमेरा लावला. कैलास दारातून बाहेर आला. मान वर, डोळ्यात डोळे, असलं त्याने काही केलं नाही. चार पावलं आला आणि थांबला.

नाना म्हणाले, "वाळला रे तू."

झालं. पोरगा धावत गेला आणि बापाच्या मांडीवर कोसळला. नानांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याचं तोंड पुसलं, मग त्याच रुमालाने स्वतःचं. पुसायचे आणि पुन्हा भरून यायचं. शेकडो मुली सासरी जाताना मी शूट केल्यात, रडण्याची मला सवय आहे. त्या दिवशी मला कॅमेऱ्यातलं दिसेना.

आणि मागून आवाज आला, "कट!"

मी वळलो. सर पुढे येत होते, डोळे पुसत. खरेच रडत होते, ती शपथ मी घेईन. पण जन्माची खोड! नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, काय केलंत हो! फार सुंदर केलंत! फक्त तुमचा चेहरा अंधारात गेला. जरा इकडे वळून बसा. वन मोअर!" आणि बोट फिरलं.

"सर, झालंय," मी ओरडलो. "दिसतंय सगळं, राहू द्या!"

नाना गोंधळून म्हणाले, "केलं? म्या काय केलं?"

इथवरही निभावलं असतं हो. पण कैलास उठला. महिनाभर सरांनी शिकवलेलं अंगात भिनलं होतं. बोट फिरलं की मागे जायचं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि निमूटपणे जाऊन दारात उभा राहिला. पुन्हा बाहेर यायला तयार.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हा बी नाटक शिकेल हाये वाटते." टोपी डोक्यावर घातली आणि फाटकातून निघून गेले. कैलास "आबा, आबा" करत धावला, फाटकावरच्या शिपायाने त्याला धरलं. सही राहिली ती राहिलीच.

मी त्या दिवशी सरांना तोंडाला येईल ते बोललो. शेवटी ते बाकावर बसले आणि त्यांची ती सिनेमातली मराठी गळून पडली, गावाकडची अहिराणी बाहेर आली. "बठ्ठं वाया गयं रे भो," म्हणाले. "बठ्ठं मन्हामुळे."

कार्यक्रम लवकरच बंद पडला. केबलवाल्याला त्या वेळात सिनेमे लावायचे होते. पण सरांनी माझा रविवार सोडला नाही. दर रविवारी माझ्या मोपेडवर मागे बसायचे, टायर पार बसायचं, आणि आम्ही पहूरवरून त्या खेड्याला. वाटेत मी बजावायचो, "आज भाषण नाही. फक्त म्हणायचं, नाना, चूक माझी, पोराची नाही." ते म्हणायचे, "बस, तेवढंच."

तेवढंच? एकदाही नाही! नाना ओट्यावर बसलेले असायचे. सर हळू आवाजात सुरुवात छान करायचे. मग शेजारपाजारची माणसं जमायची. माणसं दिसली की यांचा आवाज चढायचा, हात पसरायचे, छाती भरून यायची. एकदा तर भर चौकात नानांच्या पायांवर लोटांगण घातलं. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. मी दात ओठ खात उभा.

"उठा भाऊ," नाना म्हणाले. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या! हे अश्रू खरे आहेत नाना!"

"आसतीन. पन तुमचं खरं कोनतं अन् सिनेमातलं कोनतं, हे मले समजत नही. अन् तुम्ही माह्या पोराले तसंच करून ठेवलं. त्याचं रडनं आता मले कसं समजीन?"

परतताना घाटापाशी सर माझ्या पाठीमागून म्हणाले, "मी ठरवून जातो रे. समोर माणसं आली की होतंच." काय करावं अशा माणसाचं? गाडीवरून ढकलून द्यावंसंही वाटे, आणि पुढच्या रविवारी मोपेडमध्ये पेट्रोल मीच भरून ठेवत असे.

दिवाळी झाली. कैलासला धुळ्याला न्यायचा दिवस ठरला, मधे एकच रविवार उरला. आणि शनिवारी मी दुकान उघडलं तर शेजारचा पानवाला म्हणाला, "सर सकाळच्या गाडीने मुंबईला गेले. सीरियलमध्ये आजोबाचं काम लागलं. म्हणाले, उद्या तू एकटा जाऊन ये."

एकटा जाऊन ये! ज्याने घोळ घातला तो मुंबईला, आणि मी कोण? त्या संतापात मी दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडलो. सर पुन्हा जळगावला आले नाहीत. त्या सीरियलमध्ये काही दिवस दिसायचे, पलंगावर आजारी पडलेले, मग एका भागात त्यांच्या फोटोला हार घातला. खरोखरचे गेले ते त्यानंतर दोनेक वर्षांनी, तिकडेच. आम्हाला इथे उशिरा कळलं. शिव्या द्यायच्या कितीतरी राहून गेल्या, आणि त्यांना आणखीही काही सांगायचं राहिलं.

कारण त्या रविवारी मी गेलोच. नाना ओट्यावर होते. माझ्या मागे कुणी उतरत नाही हे पाहून म्हणाले, "ते मोठे भाऊ?"

"मुंबईला गेले. काम लागलं."

"आता येनार नही?"

"नाही वाटत."

गर्दी जमली नव्हती. एकट्या मला पाहायला कोण येणार? नानांनी विचारलं, "मंग तू कायले आला?"

मी वैतागलेलोच होतो. म्हणालो, "बुधवारी त्याला धुळ्याला नेताहेत. एवढंच सांगायला आलो. मला रडता येत नाही आणि पायाही पडता येत नाही. जातो."

मी मोपेडला किक मारली. ती सुरू होईना. दोनदा, तीनदा. तेवढ्यात नाना आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि मागच्या सीटवर बसले. "चाल," म्हणाले. बस्स. चौथ्या किकला मोपेड सुरू झाली आणि आम्ही जळगावला आलो.

साहेब आवारातच राहायचे. अर्ज तयार होता. नानांनी सही केली आणि बाहेर येऊन अंगणात उभे राहिले. शिपायाने हाक मारली तसा कैलास पिशवी घेऊन दारात आला. बापाला पाहून पुढे येणार, तोच थबकला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आता कसं चालायचं, कुठे थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोनी नही रे," नाना म्हणाले. "मी एकलाच हाये."