बारशाआधी ठरवलेलं नाव

माणसाला बोलतं करून मनाचे आजार बरे करणाऱ्या पहिल्यावहिल्या डॉक्टरचा सिनेमा नातीने लावला होता. बाई कोचावर पडून बोलतेय अन् डॉक्टर तिच्या मागे बसून नुसता ऐकतोय. ते बघितलं अन् मला माक्याच्या तेलाचा वासच आला बघा. पिंपळगावला ओट्यावर मी अशीच धाकट्या जावेच्या मागे बसून तिची वेणी घालत होते. समोर टेम्पोत द्राक्षांच्या पेट्या चढत होत्या. तिचं बाळ बारशाआधीच गेलेलं. ती हळूच म्हणाली, "बाई, त्याचं नाव मी मनात ठरवलं होतं." मी म्हटलं, "गप गं माझी बाय, बोलून का परत येणार हाय तो?" अन् वेणी आवळली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. मागच्या साली तीही गेली. काय नाव ठरवलं होतंस, एवढं मी तिला कधी विचारलंच नाही.