हळ्ळीखेडजवळचे डावे चाक

२००७ च्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, हुमनाबादहून बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हळ्ळीखेड (बी) गावाच्या अलीकडे आमच्या गाडीचे मागचे डावे चाक बसले. गाडीत आम्ही तिघे होतो: माझा आतेभाऊ दिलीप, त्याची आई म्हणजे माझी धाकटी आत्या, आणि मी. दुपारी एक वाजता थोरली आत्या कमलनगरहून जीपने कायमची निघणार होती. हैदराबादला रेल्वे, तिथून बंगळूर, मुलाचे तिसऱ्या मजल्यावरचे घर. त्या इमारतीला लिफ्ट नाही. धाकट्या आत्याच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले. ती फार वेळ बसू शकत नाही, जिना तर दूरच. दोघी बहिणींची नऊ वर्षांत भेट नव्हती. आज चुकली तर पुढची होईलच असे नव्हते.

आत्याला झोपवून नेता यावे म्हणूनच ही गाडी निघाली होती. बारा वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून दिलीप परतला, त्याने एक जुनी मिनीबस घेतली आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात तिचे चाकांवरचे घर करून घेतले. दोन पलंग, गॅसची शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, छताला पंखा. आदल्या सकाळी पुणे सोडताना दिलीपने मला एक निळी पेटी उघडून दाखवली होती. कारखान्याच्या मालकाने ती भेट म्हणून दिली होती आणि सांगितले होते, "रस्त्यात काही लागलंच, तर सगळं हिच्यात आहे."

नळदुर्गला मुक्काम करून आम्ही सकाळी सहाला निघालो होतो. हुमनाबादच्या ढाब्यावर लॉऱ्यांच्या रांगेत उभे राहून सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) खाल्ला. त्यानंतर रस्ता लाल मुरमाचा होत गेला, दोन्ही बाजूंना शाळू उभा, मधूनच तुरीची कापणी चाललेली. चाकात घुसलेली वस्तू नंतर सापडली. बैलाच्या खुराला ठोकायच्या पत्रीचा खिळा होता तो.

पेटीत काय होते ते मी तिथेच वहीत लिहून घेतले. बाटली उघडायची किल्ली, सात स्क्रूड्रायव्हर, चामडी मुठीची हातोडी, सजावटीचा टॉर्च, एक पाना आणि एक जॅक. जॅक मूळ मिनीबसचा होता. मिनीबसवर नंतर दोन पलंग, शेगडी, लोखंडी सांगाडा आणि पाणी चढले, हे जॅकला कोणी कळवले नव्हते. भरलेल्या गाडीचे वजन कारखान्याने केलेच नव्हते. पंख्याला तीन वेग आहेत, हे मात्र हमीपत्रात छापले होते. पाण्याची टाकी बसवली होती नेमकी मागच्या डाव्या चाकावर.

दिलीपने जॅक लावला. गाडी तसूभरही उचलली नाही. जॅकच मुरमात रुतला आणि कलला. मग त्याने नट सैल करायला घेतले. पाना नटावर ढिला बसत होता. हाताने होईना म्हणून तो पान्यावर उभा राहिला, उड्या मारू लागला. पावणेदहा वाजले. आतून आत्याने विचारले, "झालं का रे?"

शेजारच्या शेतात तूर कापणारा एक मनुष्य विळा खांद्यावर टाकून आला. डोक्याला रुमाल, पन्नाशीचा. नाव मल्लप्पा. वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती, आता चार एकर शेती आणि एक जुना ट्रॅक्टर. त्याने थोडा वेळ पाहिले.

"अण्णा, कामून नाचायलाव पान्यावर? आवळायलाव का खोलायलाव?"

"खोलतोय," दिलीप धापा टाकत म्हणाला.

"खोलायलाव म्हणता, अन् आवळायलाव की! जुन्या गाडीला डाव्या चाकाचे आटे उलटे असत्यात. नटाकडं तोंड करून घड्याळासारकं फिरवा."

दिलीप सात महिने या गाडीचा मालक होता. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. घर करताना कारखान्यातल्या ज्या माणसाने हेच चाक काढून पुन्हा बसवले, त्याला ते माहीत असलेच पाहिजे.

मल्लप्पाने ट्रॅक्टरचा पाईप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. उलट्या दिशेने जोर दिल्यावर एक नट करकरत निघाला. दुसऱ्याचे कोपरे दिलीपच्या उड्यांनी गोल झाले होते; पाना त्यावर नुसता फिरत राहिला.

"तुमचं जॅक खेळण्यातलं हाय," मल्लप्पा म्हणाला. "माजं तेल गळायलंय म्हणून गावातल्या मिस्त्रीकडं टाकलंय. हुमनाबादला चला माज्यासंगं."

निघण्यापूर्वी त्याने एक तुराटी (तुरीची वाळलेली काडी) मोडली, बसलेल्या चाकाजवळ गाडीखाली सरकवली आणि जमिनीपासून आसापर्यंतच्या मापाची तोडून खिशात ठेवली. निघालेला नटही घेतला. मग दिलीपला म्हणाला, "तवर टाकी रिकामी करा. अन् आजीला खाली घ्या. आत माणूस ठिवून गाडी उचलत न्हाईत."

"दोनशे लिटर पाणी ओतून देऊ?" दिलीप.

"मग पाण्यालाच चाक बदलाय सांगा."

शेतातल्या बायांनी बाज आणली. चौघांनी आत्याला बाजेवर घेऊन लिंबाखाली ठेवले. मी मल्लप्पाच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

अकरा वाजता आम्ही हुमनाबादच्या बाजारात नईमभाईंच्या हत्यारांच्या दुकानात होतो. मी म्हणालो, सगळ्यात मोठा जॅक द्या. नईमभाईंनी हात हलवला नाही.

"गाडी भरी सो कित्ता वजन है?"

"माहीत नाही."

"गाडी तुमारी, वजन मइच बोलूं क्या?"

मल्लप्पाने पलंग, शेगडी, लोखंड असे एकेक सांगितले आणि अंदाज बांधला. नईमभाईंनी त्याच्या दुप्पट वजन उचलणारा बाटलीजॅक काउंटरवर ठेवला. मल्लप्पाने खिशातून काडी काढून त्याच्याशेजारी उभी केली. जॅक काडीपेक्षा बोटभर उंच होता. चाक बसलेल्या गाडीखाली तो शिरलाच नसता. दुसरा ठेवला, तोही उंच. तिसरा बसका निघाला, काडीच्या खाली दोन बोटे. तो घेतला. मग नट पान्यात घालून पाहिला: चार पाने नाकारले, पाचवा गच्च बसला. झिजलेल्या नटासाठी छिन्नी आणि जड हातोडा, जॅकखाली घालायला बाभळीचा ठोकळा, पुढची चाके घरंगळू नयेत म्हणून दोन उट्या. कारखान्याच्या पेटीत यांतले काही नव्हते, आणि जे होते त्यातून एक नट तेवढा निघाला होता.

तिथल्याच फोनवरून मी कमलनगरला लावला. थोरल्या आत्याला न्यायला आलेला तिचा मुलगा प्रकाश म्हणाला, "रिझर्व्हेशन हाय दादा, एकाच्या पुढं थांबता येत न्हाई. वाटेत भालकीच्या नाक्यावर धा मिनिटं थांबतो. त्याच्यावर न्हाई."

परत आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. टाकीचे पाणी मुरमात जिरले होते. उरलेले चार नट नव्या पान्याने सैल झाले. ठोकळ्यावर जॅक ठेवला, चौदा हिसक्यांत चाक जमीन सोडून वर आले. झिजलेला नट छिन्नीने फुटायला मात्र पाऊण तास गेला. स्टेपनी चढवली, पाच नटांवर. मल्लप्पा म्हणाला, "सावकाश जावा. भालकीत साव्वा नट बसवून घ्या." आत्याला बाजेसकट उचलून दारापर्यंत आणले, पलंगावर ठेवले. एक वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. दिलीपने सगळा रस्ता गाडी हळू चालवली.

भालकीच्या नाक्यावर पोचलो तेव्हा दोनला पाच मिनिटे कमी होती. जीप उभी होती. प्रकाश संतापलेला होता.

"आई जीपमधी चढनाच झाल्या. टपरीच्या बाकावर बसून ऱ्हायल्यात. डायवर निघून जातो म्हणायलाय."

थोरली आत्या काठी टेकत आमच्या गाडीपाशी आली. दाराची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर होती. कारखान्याने ती तिथे बसवली होती. दोन वेळा तिने पाय उचलला, दोन वेळा खाली ठेवला. धाकटीला उतरवायला चार माणसे आणि बाज लागली असती. पलंगाजवळची खिडकी वीतभरच सरकत होती. थोरलीने त्या फटीतून हात आत घातला. धाकटीने तो धरला.

"कवाधरनं वाट बघायलेय गं."

"चाक बसलं अक्का."

"नवलाईचं घर केलंय पोरानं, अन् चढाय येत न्हाई."

"तुजे दात कुठं गेले?"

"तुजं कंबरडं गेलं तितंच."

दोघी हसल्या. पुढचे बोलणे हळू आवाजात झाले. बाहेर ऐकू आले नाही. जीपवाल्याने तीनदा हॉर्न दिला. दोन वाजून बारा मिनिटांनी जीप बिदरच्या रस्त्याला लागली.