बाबांची बहीण, मुक्काम नांदेड

"लातूर-नांदेडला जाऊन येते," असं मी जाहीर केलं, तेव्हा बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिकडे काय ठेवलंय?" त्यांचा जन्म तिकडचाच, मुखेडजवळच्या एका खेड्यातला. बारशाच्या आत त्यांची आई गेली आणि चालायला लागल्यावर मामानं त्यांना पुण्याला आणलं. आपल्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या आजोबांबद्दल, बाबा आयुष्यभर एकच वाक्य बोलत आलेत: "मी तिथं कुणालाच नको होतो." सत्तरी उलटली तरी त्या वाक्याची धार कमी होईना. ते ऐकून ऐकून मी वैतागले होते. शेवटी हट्टानं सुट्टी टाकली आणि निघाले.

रेल्वेनं सकाळी लातूर. उतरल्यावर आधी सुशीला खा. नावावर जाऊ नका, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन वरून डाळ्याचं कूट घालतात, तो हा प्रकार. तीस रुपयांत पोट टम्म. गाड्यावरच्या बाकावर शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. इकडे नाव नंतर विचारतात, आधी गाव.

"कुन्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं: माणिकराव बिरादार.

"माणिकरावची नात! अवं, त्यांची बैलगाडी आन् आमची बैलगाडी संगंच बाजाराला जायची की!" त्यांनी लगेच माझ्यासाठी चहा सांगितला. "मग आता आत्याकडं निघाल्या का, नांदेडला?"

"बाबांना बहीण नाही हो."

"हाय की! तिथल्या इतवारा बाजारात बांगड्याचं दुकान हाय त्यांचं. तुमाला म्हाईतच न्हाई?"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव येऊनच पाहिलं. त्यांना याहून जास्त पत्ता ठाऊक नव्हता.

दुपारी खरोशाची लेणी पाहिली. निलंग्याच्या रस्त्याला आहेत, जीपनं जाता येतं, पाणी मात्र बरोबर ठेवा. लेणी सुंदर आहेत असं लोक म्हणतात, ते खरंच असणार. मी त्यांच्यापुढे उभी राहून भलताच विचार करत होते. आजोबांनी दुसरं लग्न करून मुलगी जवळ ठेवली आणि मुलगा तेवढा टाकला, असं निघालं तर? बाबांना ते कोणत्या तोंडानं सांगायचं? परत फिरावं असंही एकदा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी लाल एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, खुशाल फिरा. गुरुद्वारात दर्शन घेतलं, लंगरमध्ये गरमागरम डाळ-रोटी जेवले आणि इतवाऱ्यात शिरले. पहिल्या दोन दुकानांत कुणाला काही माहीत नव्हतं. तिसऱ्यात मी चौकशी न करता मुकाट्यानं हातच पुढे केला.

"मूठ सैल सोडा, ताई," दुकानदार बांगडी चढवत म्हणाला. "कुठल्या तुमी?"

मी गाव आणि आडनाव सांगितलं. बांगडी माझ्या अंगठ्याच्या सांध्यावरच अडकून राहिली, कारण तो मागच्या दाराकडे वळून ओरडत होता, "अम्मी, बाहर आओ! पुनेवाले मामू की बेटी आयी!"

आतून त्याची आई, जैनबबी, आल्या. केस पांढरेशुभ्र, आवाज खणखणीत. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "नाक तर माणिकरावचंच हाय," म्हणाल्या आणि मला घट्ट जवळ घेतलं.

मग चहावर सगळं कळलं. त्यांची आई हनीफाबी आमच्या गावची मणियारीण, घरोघरी जाऊन बायकांना बांगड्या भरायची. माझी आजी गेली तेव्हा जैनबबी काही महिन्यांच्या होत्या. आजोबांनी भुकेनं रडणारं पोर उचललं ते थेट हनीफाबीच्या दारात नेलं.

"येका मांडीवर मी, दुसऱ्या मांडीवर तुजा बाप. अम्मीनं दोघांला बी पाजलं."

"मग आजोबांनी त्यांना सोडलं का?"

"सोडलं कुठं? मामा आला, म्हनला, शाळा शिकवतो. भेटाया येऊ नका म्हनला, पोरगं रडतंय. अम्मी गावच्या येशीपत्तर गाडीमागं गेली. तुजा आजा रोज सांजंला आमच्या वट्ट्यावर येऊन बसायचा. पोरगं निजायचं त्याच जाग्यावर. दोन-चार वर्सांत त्यो बी गेला."

जैनबबींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"आमच्यात दूध पाजलं की पोटचाच. माज्यासंगं काय, माज्या पोरीसंगं बी त्याचं लगीन लागत न्हाई. मग ध्यानात ठेवावंच लागतंय की!"

त्यांचा मुलगा, म्हणजे तो दुकानदार रफिक, हसत म्हणाला, "हरेक लग्नात अम्मी भावांची नावं सांगती, पुण्याच्या मामूसकट." म्हणजे आम्ही त्यांना विसरलो होतो आणि ते दर लग्नात आम्हाला धरून चालले होते! या घरचा जावई होण्याचा बाबांचा मार्ग पाळण्यातच बंद झाला होता, आणि मी लॉटरी लागल्यासारखी हसत होते.

बाबांना फोन लावला. मी काही सांगायच्या आत जैनबबींनी तो हिसकावला. "कां मरा था रे इत्ते दिन? अम्मी तुजी वाट बघून बघून गेली की!" मग त्यांनीच सगळी हकीकत सांगितली, अगदी वट्ट्यावर बसणाऱ्या आजोबांपर्यंत. पलीकडून बाबांचा हुंदका ऐकू आला, जन्मात पहिल्यांदा. आणि मग बारीक आवाजात प्रश्न, "मी फार रडायचो का गं?"

"लई! आन् माज्या वाटचं दूध बी पिऊन टाकायचास!"

बाबा हसले. मीही रडत रडत हसले, आणि दुकानात बांगड्या घ्यायला आलेल्या बायकाही हसायला लागल्या. रफिकनं माझे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरले. पैसे काढले तर रागावला, मामेबहिणीकडून घेतात का म्हणून.

या सहलीला दोन दिवस पुरतात, पण तीन ठेवा. माझा तिसरा दिवस रफिकच्या मोटारसायकलवरून विष्णुपुरीचं धरण बघण्यात आणि जैनबबींच्या हातचं बिनबोभाट जेवण्यात गेला. नको म्हणायची सोय नव्हती.

घरी पोचले तर दिवाणखान्यात बाबांची बॅग भरलेली. शेजारचे काका दारात उभे होते.

"कुठे निघालात?"

"नांदेडला. बहिणीकडे."

"तुम्हाला बहीण? चुलत का?"

"सख्खी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बॅगेची चेन ओढली.