श्वास सोडला तेव्हा

दिवा स्टेशनाजवळ राहणाऱ्या जाईबाई गायकवाड लकवा झालेल्या नवऱ्याला सोडून कधी कुठे गेल्या नव्हत्या. भगवान खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. आता त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि पाणी आलं की हंडे भरायला धावायचं, एवढंच जाईबाईंचं जग.

मुलगी प्रियांका हट्टाला पेटली. "मम्मी, चार दिवस दादा बघेल पप्पांना. तू माझ्याबरोबर सहलीला चल."

भगवाननी तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी जाईबाई निघाल्या.

आंध्रातल्या चुनखडीच्या गुहांकडे माळावरून पायवाट जात होती. दोन्ही बाजूंना सीताफळाची झुडपं. जाईबाई मोकळ्या हाताने चालत होत्या आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

आत उकडत होतं. छतातून दगडी सुळके लोंबत होते. पुढे वाट इतकी अरुंद झाली, की आडवं होऊन सरकावं लागलं. प्रियांका पलीकडे गेली. जाईबाईंची मात्र छाती अडकली. पुढे जाता येईना, मागेही नाही. मागून लोक रेटत होते. दगड ओला, गार, नाकाला चिकटलेला.

"प्रियांका, मला काढ गं! त्यांना गोळी कोण देणार?"

"मम्मी, दादा आहे ना तिकडे!"

वाटाड्याने मागच्यांना थांबवलं आणि तो हिंदीत म्हणाला, "अम्मा, साँस छोडो. पूरी."

घाबरून त्या श्वास कोंडूनच उभ्या होत्या. कितीतरी वेळाने त्यांनी तो सोडला. प्रियांकाने हात धरून ओढलं. ब्लाउजची बाही फाटली, खांदा सोलला, पण सुटल्या. पलीकडे बसून त्या मोठ्याने रडल्या.

घरी परतल्या तेव्हा दाढी वाढलेला मुलगा प्रशांत दारातच म्हणाला, "मम्मी, तू रोज हे कसं करतेस गं?"

जाईबाई भगवानच्या उशाशी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भगवानच्या डोळ्यांत पाणी आलं. जड जिभेने ते म्हणाले, "जाई... मी रोज... तिथंच."

"ठाऊक आहे हो," जाईबाई म्हणाल्या. "पण मीही तिथंच असते."

भगवाननी चांगल्या हाताने प्रशांतला जवळ बोलावलं आणि जेवणाच्या ताटाकडे बोट दाखवलं. त्या रात्री वडिलांना लेकाने भरवलं. जाईबाई दारात उभ्या होत्या. आत यावं की बाहेर जावं, त्यांना ठरवता येईना.